आपला आज्ञाधारक

माझ्या आयुष्यातलं पहिलं लेखी खोटं मी इंग्रजीत लिहिलं. त्याआधी तोंडी खोटं मातृभाषेत भरपूर बोललो होतो. पण त्याला पुरावा नाही, आणि बँकेच्या काउंटरमागे वीस-बावीस वर्षं काढलेल्या माणसाच्या दृष्टीनं ज्याला कागद नाही ते घडलेलंच नसतं.

झालं असं, की सहावीत असताना मामाच्या मुलाच्या मुंजीसाठी आम्हाला चार दिवस खेडला जायचं होतं. आमचे वर्गशिक्षक तेव्हा नुकतेच कुठल्याशा शिबिराला जाऊन आले होते, त्यामुळे रजेचा अर्ज इंग्रजीतच हवा असा त्यांनी फतवा काढलेला. आता इंग्रजीतला रजेचा अर्ज आम्हाला एकच पाठ. 'ॲज आय ॲम सफरिंग फ्रॉम फीव्हर' असा तो सुरू व्हायचा, मध्ये 'काइंडली ग्रँट मी लीव्ह' असं एक वळण घ्यायचा आणि 'युवर्स ओबिडियंटली' म्हणून हात जोडून उभा राहायचा. मुंजीला इंग्रजीत काय म्हणतात ते मला ठाऊक नव्हतं. (आजही नीटसं ठाऊक नाही. 'थ्रेड सेरिमनी' म्हटलं की मला शिंप्याच्या दुकानाचं उद्घाटन डोळ्यांपुढे येतं.) तेव्हा मी सरळ ताप आणला.

मी एकटाच नव्हे. त्या वर्षी आमच्या वर्गातल्या पोरांना मिळून निदान शंभर वेळा ताप आला असेल. घरी गणपती बसले, पोराला ताप. थोरली बहीण बाळंत झाली, पोराला ताप. एकाच्या वडिलांची गिरणी कायमची बंद झाली आणि घर आवरून सगळे गावी निघाले, तर त्याच्या शेवटच्या अर्जातही तापच. जोगेश्वरीत साथ आली की काय अशी शंका महापालिकेला यायला हरकत नव्हती. खोटं बोलायची आमच्यापैकी कुणाचीच इच्छा नव्हती. खरं सांगायला लागणारं वाक्य आमच्याकडे नव्हतं, एवढंच.

तेव्हापासून एक प्रश्न माझ्या मानगुटीवर बसलेला आहे. माणूस पाठ केलेलं वाक्य म्हणतो, तेव्हा ते म्हणतं कोण? आणि ते खोटं निघालं तर कुणाच्या नावे टाकायचं? मी पडलो बी.कॉम. प्रत्येक रक्कम कुठल्या तरी खात्यावर गेल्याशिवाय मला झोप लागत नाही. जी कुठेच बसत नाही ती आम्ही 'सस्पेन्स अकाउंट'मध्ये टाकतो आणि साहेबांनी विचारेपर्यंत तिकडे बघत नाही. माझ्या सस्पेन्समध्ये तो ताप अजून पडून आहे.

आमच्या पिढीला इंग्रजी पाचवीपासून. वडिलांना ते आठवीपासून होतं, म्हणजे इंग्रजी आणि मिसरूड त्यांना एकदमच फुटलं. महाराष्ट्र सरकारनं पहिलीपासून इंग्रजी आणलं ते २००० साली, तोवर आमची गाडी सुटून गेली होती. विष्णुशास्त्री चिपळूणकरांच्या नावावर सांगितलं जाणारं ते वाघिणीचं दूध आमच्या वाट्याला आलं ते केंद्रावरच्या दुधासारखं, टोन्ड. (आरे कॉलनी आमच्या जोगेश्वरीला लागूनच. तिथे वाघीण नाही, पण बिबटे आजही आहेत, आणि त्यांचं दूध काढायला कोणी गेल्याचं ऐकिवात नाही.)

त्या दुधाला साय धरावी म्हणून जे करत, त्याचं नाव 'इडियम्स अँड फ्रेझेस'. निबंधात चार इडियम घातले की दोन मार्क जादा, असा भाव होता. आम्ही तेही घातले. 'वन्स इन अ ब्लू मून', 'व्हाइट एलिफंट', 'ॲपल ऑफ वन्स आय'. ज्या घरात सफरचंद फक्त आजाऱ्याला मिळायचं, त्या घरातला मुलगा आईच्या डोळ्यातलं सफरचंद होता. आम्ही ती वाक्यं पाहुण्यांसाठी राखून ठेवलेल्या कपबशांसारखी वापरत असू. आपण त्यातून चहा प्यायचा नाही, फक्त कुणी आलं की काढायच्या.

ह्या कपबशा आमच्या हातात दिल्या त्या सरांनी. सर मजासवाडीत आमच्या मागच्या चाळीत राहायचे. टेकडीवरच्या इस्माईल युसुफ कॉलेजातून ते इंग्रजी घेऊन बी.ए. झालेले. १९३० साली सुरू झालेलं ते कॉलेज. त्या टेकडीवर मराठीत चढलेला माणूस इंग्रजीत उतरतो, असा आमच्या चाळीचा समज होता. दिवसा सर एका शाळेत नोकरी करायचे आणि संध्याकाळी दहा बाय बाराच्या खोलीत आम्हा आठ-दहा पोरांना शिकवायचे. फी म्हणजे द्याल ते, आणि काही घरं काहीच देत नसत. समोर तर्खडकरांची भाषांतर पाठमाला. (व्याकरण लिहिणारे दादोबा पांडुरंग ते हे नव्हेत, हे द्वारकानाथ राघोबा. परीक्षेत कुणी विचारत नाही, सर विचारायचे.)

शिवाय सरांची स्वतःची एक जाडजूड वही होती. त्यात इंग्रजी वाक्प्रचार उतरवलेले. काही शाईनं, काही पेन्सिलीनं. एकदा धीर करून विचारलं, तेव्हा म्हणाले, "शाईतले माझे. मी ते कधी ना कधी मनापासून बोललोय. पेन्सिलीतले तुमच्या परीक्षेसाठी." शाईतले फार थोडे होते.

आठवीत असताना माझी आजी गेली. दहा दिवस शाळेला जाणं शक्य नव्हतं. या खेपेला ताप आणायचा नाही असं मी ठरवलं, कारण आजीचं माझ्यावर फार होतं आणि तिच्या मरणाला ताप म्हणणं मला बरं वाटेना. सरांनी आदल्या महिन्यात दिलेली यादी काढली. मरणे या अर्थाचा एक वाक्प्रचार त्यात होता. तो घालून मी अर्ज लिहिला : 'ॲज माय ग्रँडमदर हॅज किक्ड द बकेट.' वर्गशिक्षकांनी तो वर्गात वाचून दाखवला म्हणे. मी नव्हतो. पण पोरांनी संध्याकाळी येऊन सांगितलं, की बाई हसल्या, मग सगळा वर्ग हसला.

सुतकातल्या घरात सर आले. माझ्याजवळ बसले. म्हणाले, "बाळ, तुझी चूक नाही. माझी आहे. मी अर्थ दिला, पण तो शब्द कुठे वापरायचा ते दिलं नाही." मग हळूच म्हणाले, "तू लिहिलंस त्याचा मराठीत अर्थ, आजी गचकली."

मला रडू फुटलं. दहा दिवसांत पहिल्यांदा. आपल्याकडे मरणाला केवढी मोठी उतरंड आहे पाहा. वारली, गेली, देवाघरी गेली, निधन पावली, कैलासवासी झाली, खपली, गचकली. यातला कुठला शब्द कुठल्या आजीला लावायचा हे आपल्याला कोणी शिकवत नाही, आणि तरी चूक होत नाही. बादली लाथाडणारी ती इंग्रज आजी मात्र माझ्याच वाट्याला यायची होती. तेही अशा चाळीत, की जिथे नळाला रांगेत लावलेली दुसऱ्याची बादली नुसती पायानं सरकवली तरी दोन घरांचं महिनाभर बोलणं बंद व्हायचं.

वाक्प्रचार परदेशी असला म्हणजे हास्यास्पद आणि आपला असला म्हणजे समंजस, असं मात्र मी म्हणणार नाही. 'रेनिंग कॅट्स अँड डॉग्ज'ला आम्ही पोटभर हसलो. पण मुसळधार म्हणजे तरी काय? आकाशातून मुसळं पडताहेत! माझ्या मुलीनं मुसळ पाहिलेलं नाही. मांजर आणि कुत्रा निदान रोज दिसतो. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा मी दादरच्या शाखेत होतो आणि कमरेएवढ्या पाण्यातून चालत पहाटे जोगेश्वरीला पोचलो. त्या रात्री मुसळही आठवलं नाही आणि मांजरही. खेरवाडीजवळ कुणीतरी अनोळखी माणसानं अंधारात हातावर दोन बिस्किटं ठेवली आणि 'चला' म्हणाला. दुसऱ्या दिवशीपासून वर्तमानपत्रांत 'स्पिरिट ऑफ मुंबई' सुरू झालं. तेही एक तयार वाक्यच. बिस्किटं देणाऱ्याचं कौतुक करता करता गटारं तुंबवणाऱ्यांना ते अलगद सोडून देतं.

आणि आपण तरी इंग्रजांचं किती घेतलं! 'सिंहाचा वाटा' म्हणतो, 'प्रकाश टाकतो', 'हिमनगाचं टोक' दाखवतो. ज्यानं बर्फ फक्त रसवंतीत लाकडाच्या भुशात पाहिला, त्यानं हिमनगाचं टोक दाखवायचं! मेजर कँडीचा इंग्रजी-मराठी कोश १८४७ साली निघाला. तेव्हापासून ही आयात चालू आहे आणि तिच्यावर जकात कुणी लावलेली नाही. जॉर्ज ऑर्वेल नावाच्या लेखकानं १९४६ साली एक निबंध लिहून ठेवला आहे. त्याचं म्हणणं थोडक्यात असं, की तयार वाक्यं वापरणाऱ्याच्या वतीनं मग ती वाक्यंच विचार करू लागतात. हा गृहस्थ १९०३ साली बिहारात मोतीहारीला जन्मला, तेव्हा एका अर्थी आपल्याकडचाच. मात्र त्यानं बँकेत नोकरी केली असती तर निबंध लिहून थांबला नसता, राजीनामा दिला असता.

कारण बँक तयार वाक्यांवरच चालते. पैसा नंतर.

आमचं सगळ्यात सभ्य वाक्य म्हणजे 'रिफर टू ड्रॉवर'. चेक परत करताना शेऱ्यात लिहितात. एका भाजीवाल्या मावशींनी खानावळवाल्याचा चेक भरला होता, तो ह्या शेऱ्यानं परत आला. मी मावशींना शेरा वाचून दाखवला. त्या म्हणाल्या, "मग बघ की ड्रॉवरमधी!" मी गंमत म्हणून ओढून दाखवला. आत स्टेपलर, विक्सची डबी आणि डब्यातला चमचा. मावशींनी आत वाकून नीट पाहिलं आणि म्हणाल्या, "दुसरा उघड." मग मला समजावून सांगावं लागलं, की ड्रॉवर म्हणजे चेक काढणारा, आणि त्याला विचारा याचा अर्थ त्याच्या खात्यात पैसे नाहीत. मावशी क्षणभर गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "आसं सरळ ल्ह्यायला काय लाज वाटती का रं?"

वाटते, मावशी. पण कुणाची, तो प्रश्न आहे. १ एप्रिल १९८९ पासून खात्यात पैसे नसताना दिलेला चेक वटला नाही तर तो गुन्हा ठरू लागला, तरी हे वाक्य काही मेलं नाही. त्यात चेक देणाऱ्याची अब्रू झाकली जाते. घेणाऱ्याची भाजी गेलेली असते, तिच्यासाठी मात्र शब्दकोशात काही नाही. तशीच दुसरी वाक्यं. पत्राच्या शेवटी 'युवर्स फेथफुली', म्हणजे 'आपला विश्वासू'. रोज पंचवीस जणांना मी विश्वासू असतो, त्यात कर्ज बुडवणारे आठ. एकदा हिनं घरी आलेला एक मसुदा वाचला आणि म्हणाली, "मला नाही कधी असं लिहून दिलंत!" मी म्हटलं, तुझ्या बाबतीत ते खरं असल्यामुळे लिहावं लागत नाही. उत्तर चांगलं होतं, पण त्या रात्री भाजीत मीठ नव्हतं.

माझी मुलगी तत्त्वज्ञान घेऊन बी.ए. करते आहे. (कॉमर्स घेतलं असतंस तर, असं मी एकदाच म्हणालो.) तिच्या टेबलावर एकदा कान्टचं नाव दिसलं. 'कान्ट' हे आजवर मी आमच्या बँकेचंच समग्र तत्त्वज्ञान समजत होतो. पण हा जर्मन निघाला, आणि खोटं बोलण्याच्या बाबतीत फार कडक. जीव वाचवायलासुद्धा खोटं बोलायचं नाही म्हणतो. मी पुस्तक मिटणार होतो, तेवढ्यात मुलगी म्हणाली, "बाबा, हे बघा तुमच्या कामाचं." १७९७ सालच्या त्याच्या नीतिशास्त्रावरच्या ग्रंथात त्यानं एक प्रश्न टाकला आहे. पत्राच्या शेवटी आपण 'आपला आज्ञाधारक सेवक' लिहितो, ते खोटं म्हणायचं का? त्यानं कुणाची फसवणूक तर होत नाही. एवढं म्हणून स्वारी पुढच्या प्रश्नाला! इतका कडक माणूस, पण 'युवर्स ओबिडियंटली'शी येऊन थबकला. त्यानंही ते सस्पेन्समध्येच टाकलेलं पाहून मला फार बरं वाटलं.

फसत कुणी नाही म्हणून खोटं नाही, हे मला एका टोकाला पटतं. आपण घरातून निघताना 'जातो' म्हणत नाही, 'येतो' म्हणतो. तांदूळ संपले म्हणत नाही, वाढले म्हणतो. बांगडी फुटली तर वाढवली. ऐकणाऱ्याला खरं काय ते पक्कं ठाऊक असतं, आणि तरी सांगणारा ते तसं सांगतो, कारण त्याला समोरच्याचं भलं व्हावंसं वाटत असतं. वडिलांना गावाहून काकांचं पत्र यायचं. 'इकडील सर्व क्षेम' असं पहिल्या ओळीत आणि 'तांबू गाय गेली, भिंत खचली' हे तिसऱ्या ओळीत. वडील पत्र वाचून म्हणायचे, "दादा घाबरलाय." क्षेम वाचूनच त्यांना ते कळायचं.

दुसऱ्या टोकाला धर्मराज उभा आहे. 'नरो वा कुंजरो वा' म्हणाला. एकेक शब्द घ्या, कुठेही खोट काढता येत नाही. ऑडिटरसुद्धा पास करील. पण ते वाक्य ज्याच्यासाठी रचलं होतं तो फसला आणि मेला, आणि जमिनीपासून चार बोटं वर चालणारा रथ खाली आला. आमचा रथ मुळात जमिनीवरच असल्यामुळे तो आणखी खाली गेलेला आम्हाला कळत नाही, एवढाच फरक.

हे सगळं मी इतक्या मजेत सांगत बसलो नसतो, पण गेल्या पावसाळ्यात एक गोष्ट घडली.

'नो युवर कस्टमर' म्हणजे ज्याला सगळे केवायसी म्हणतात, ते बँकांत आलं २००२ साली. आपल्या गिऱ्हाइकाला ओळखा! त्याआधी खातं उघडायला ओळख देणारा माणूस लागायचा. बँकेत आधीपासून खातं असलेल्या कुणीतरी तुमच्या फॉर्मवर लिहायचं, की मी यांना इतकी वर्षं ओळखतो. माझं पहिलं खातं उघडताना माझ्यासाठी सरांनी सही केली होती. 'गेली सात वर्षं.' शाईनं. आता माणूस लागत नाही, कागद लागतो, आणि तो दर काही वर्षांनी ताजा करावा लागतो; धोका कमी असलेल्या खात्याला दहा वर्षांनी. ज्यांचे कागद आले नाहीत त्यांची यादी येते. त्यांना फोन करायचा आणि संगणकावर शेरा निवडायचा. शेरे पाच आहेत. त्यातून एक निवडल्याशिवाय पुढचं नाव येत नाही.

त्या यादीत सरांचं नाव होतं. खाली जुना लँडलाइनचा नंबर, जो मी लावला आणि लागला नाही. यादीत एकशेचाळीस नावं, आणि साहेबांना संध्याकाळपर्यंत ती संपवून हवी होती. मी 'कस्टमर नॉट कॉन्टॅक्टेबल' निवडलं आणि पुढच्या नावावर गेलो.

सर माझ्या घरापासून सात मिनिटांवर राहतात. चाळ पाडून तिथे उंच इमारत झाली, तिच्या नवव्या मजल्यावर. दिवाळीत मी गेलो होतो. संक्रांतीलाही.

पुढे त्यांच्या खात्यावर बंधन पडलं. पेन्शन आत यायची, बाहेर निघत नव्हती. जुलैतल्या एका सकाळी सर काउंटरवर उभे राहिले. ऐंशीचं वय, हातात छत्री आणि बँकेचं पत्र. बसा म्हटलं तर बसले नाहीत. पत्र माझ्यापुढे ठेवलं. 'डियर व्हॅल्यूड कस्टमर'पासून सुरुवात, शेवटी 'वुई रिग्रेट द इनकन्व्हीनियन्स कॉज्ड', आणि त्याखाली, हे पत्र संगणकानं काढलेलं असल्यामुळे सहीची आवश्यकता नाही. 'वुई रिग्रेट'खाली पेन्सिलीनं रेघ मारलेली.

"हे कुणी लिहिलं?" सरांनी विचारलं.

"संगणकानं, सर."

"संगणक एकच ना? मग 'वुई' कसं?"

माझ्या शेजारचा नवा पोरगा हसला. सर हसले नाहीत. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं. म्हणाले, "रिग्रेटला कर्ता लागतो रे. वाईट वाटणं कुणाला तरी व्हावं लागतं. मी दोनदा वाचलं, मला कर्ता सापडला नाही. म्हटलं, तुला विचारावं. तू इथेच असतोस."

मी म्हटलं, सर, कागद आणा, दोन दिवसांत होईल. तर कागदावर पत्ता चाळीचा, आणि चाळ तर नाही. मी त्यांना छत्तीस वर्षं ओळखतो हे लिहायला फॉर्मवर जागा नाही. तेवढ्यात त्यांच्या तोंडून निघून गेलं, की काकूंच्या इन्सुलिनचे पैसे त्यांनी शेजाऱ्यांकडून घेतले, आठ दिवस झाले. तक्रार म्हणून नाही सांगितलं. उशीर का चालणार नाही त्याचं कारण म्हणून सांगितलं.

कान्टची गोष्ट इथे कामाला येत नाही. माझ्या शेऱ्यानं कोण फसलं? साहेब नाही, त्यांना शेऱ्यांचा भाव माहीत आहे. संगणक नाही. सर तर मुळीच नाही, त्यांनी तो पाहिलाच नव्हता. कुणीच फसलं नाही, आणि एका म्हातारीचं औषध अडलं. मला तर फसवायचंही नव्हतं. त्या पाच शेऱ्यांत 'मी गेलो नाही' असा शेरा नव्हता. सहावीतल्यासारखंच. पण सहावीत मी अकरा वर्षांचा होतो आणि मला दुसरं वाक्य येत नव्हतं. आता येत होतं. ते घालायला चौकोन नव्हता एवढ्यावर मी गप्प बसलो.

कागद मी त्याच दिवशी करून घेतले, साहेबांपुढे उभा राहून. आधारवरच्या पत्त्याचं काय करायचं त्याला नियमात वाट असते. ती शोधायला कुणीतरी नियम वाचावा लागतो. तिसऱ्या दिवशी खातं मोकळं झालं. इतकं सोपं होतं म्हणूनच मला झोप लागेना.

संध्याकाळी सरांकडे गेलो आणि सांगून टाकलं. "सर, तुमचं नाव माझ्या यादीत होतं. फोन लागला नाही हे खरं. पण मी यायला हवं होतं. आलो नाही आणि तुम्ही सापडत नाही असं लिहिलं."

सर बराच वेळ खिडकीतून बाहेर बघत राहिले. नवव्या मजल्यावरून टेकडीवरचं कॉलेज झाडांतून थोडं दिसतं. मग म्हणाले, "हे मराठीत नीट सांगितलंस. आता इंग्रजीत लिहून आण. 'रिग्रेट' वापरायचं नाही, 'इनकन्व्हीनियन्स' वापरायचं नाही. कर्ता पहिल्या शब्दात पाहिजे."

"सर, मी सत्तेचाळीस वर्षांचा आहे."

"शनिवारी आण. दुसरा शनिवार आहे, बँकेला सुट्टी असते."

तीन रात्री मी त्या चार ओळींशी झटत होतो. दर वेळी हात आपोआप 'आय ॲम सॉरी फॉर द' लिहायचा आणि पुढे तयार शब्द रांगेत उभे असायचे. मुलगी म्हणाली, मी लिहून देऊ का? हिनं तिला डोळ्यांनी गप्प केलं. शेवटी जे जमलं ते फार ओबडधोबड होतं, पाचवीतल्या पोरासारखं. कर्ता, क्रियापद, कर्म. 'आय डिड नॉट कम' असं पहिलं वाक्य.

शनिवारी कागद घेऊन गेलो. सरांनी चष्मा लावला, दोन ठिकाणी 'द' घातलं, एका ठिकाणचं काढलं, आणि कागद घडी करून वहीत ठेवला. ती तीच वही होती. पुठ्ठा मात्र नवा लावलेला. मार्क दिले नाहीत. काकूंनी चहा आणला, बिनसाखरेचा, त्या घरात आता तसाच असतो. पावसाच्या आणि पागडीच्या गोष्टी झाल्या. सरांनी विचारलं, "पुढच्या यादीत कोण कोण आहे आपल्या चाळीतलं?" मी नावं सांगितली. पाच होती. दोघांचे पत्ते त्यांना ठाऊक होते, ते मी पत्राच्या पाठीवर लिहून घेतले.

उठलो. दारात चपला घालताना म्हटलं, "सर, येतो."